प्लगी वापरून क्लासला रनटाइम प्लगिन सपोर्ट: सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आम्ही बाजार समितीतल्या आडत्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो, सगळं पायथनमध्ये. त्याचा जीव म्हणजे एक क्लास, पट्टी. शेतकऱ्याचा माल विकला गेला की गोणी, वजन, भाव, मग हमाली, तोलाई, वाराई, भाडं, उचल घेतली असेल तर ती, आणि हातात किती पडले ते, एवढं सगळं ह्या एका क्लासमध्ये येतं. आणि प्रत्येक बाजारात, खरं तर प्रत्येक गाळ्यावर ह्यातलं काहीतरी वेगळं असतं. कुठे हमाली गोणीमागे, कुठे क्विंटलमागे, कोणी बारदान वेगळं दाखवतो, कोणी रुपया राउंड करतो तर कोणाला पैसे न पैसे छापून हवे असतात.

आधी ह्यावरचा उपाय होता सबक्लास, म्हणजे मूळ क्लासवरून काढून हवं तेवढं बदललेला क्लास. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक. दोन-तीन गिऱ्हाइकं असेपर्यंत ते छान चालतं, पण एकाची हमाली आणि दुसऱ्याचं राउंडिंग अशा दोन्ही गोष्टी तिसऱ्याला हव्या झाल्या की मिक्सिन (एकेक सोय जोडायचे छोटे क्लास) आले, मिक्सिन आले की सुपरची, म्हणजे पुढच्या क्लासची तीच मेथड बोलावण्याची, साखळी आली, आणि त्या साखळीत मधल्या कोणत्याही एका मेथडने सुपर कॉल केला नाही की पुढचे सगळे गप्प, एररसुद्धा येत नाही, फक्त पट्टीवरची तोलाई गायब. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या रकमेत असं होणं मला अजिबात चालणार नव्हतं म्हणून प्लगीकडे वळलो.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: प्लगी ही पायटेस्टच्या (पायथन कोडच्या टेस्ट चालवायचं टूल) पोटातून वेगळी काढलेली छोटी लायब्ररी आहे, प्रोग्रॅमला प्लगिन, म्हणजे बाहेरून लावायचे कोडचे तुकडे, जोडण्यासाठी. पायटेस्टचे स्वतःचे बरेचसे फीचरसुद्धा प्लगिनच आहेत, ते ह्याच्यावरच चालतात. टॉक्स, डेटासेट, कोंडा ही टूलही तीच वापरतात. म्हणजे घासूनपुसून झालेली गोष्ट आहे. कल्पना साधी आहे. मूळ प्रोग्रॅमने आधी लिहून ठेवायचं की मी अमुक ठिकाणी थांबेन आणि अमुक माहिती देईन, अशी जागा म्हणजे हुक आणि हे लिहून ठेवलेलं म्हणजे हुकस्पेक. प्लगिनवाल्याने त्याच नावाचं फंक्शन लिहायचं, ते हुकइम्पल. मधे दोघांना जोडणारा प्लगिन मॅनेजर. आमच्या पट्टी क्लासमध्ये आता 'वजावटी सांगा' नावाचा हुक आहे, क्लास तो कॉल करतो, जेवढे प्लगिन लागलेत तेवढ्यांची उत्तरं एका लिस्टमध्ये येतात, ज्याने नन (पायथनमधलं 'काही नाही') परत दिलं त्याचं उत्तर लिस्टमध्ये येतच नाही. झालं. पट्टीला हमालीबद्दल काही माहीत असायची गरज राहिली नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट आधी सांगतो कारण इतर ठिकाणी तिच्याबद्दल फार कमी लिहिलेलं असतं. प्लगिनच्या फंक्शनने हुकस्पेकमधले सगळे आर्ग्युमेंट घ्यायची सक्ती नाही, जेवढे लागतात तेवढेच नावाने मागायचे. हे वाचताना किरकोळ वाटतं पण वापरताना जीव वाचवतं. झालं असं की एका गाळ्याचा जुन्या वर्षांचा डेटा इम्पोर्ट करायचा होता, आणि २०१६ साली फळं-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय झाला, म्हणजे त्याच्या आधीची पट्टी परत छापायची तर जुना नियम लागला पाहिजे. तोपर्यंत हुकला फक्त पट्टीतल्या मालाच्या ओळी जात होत्या. स्पेकमध्ये 'तारीख' हा नवा आर्ग्युमेंट टाकला, क्लासमध्ये कॉल करताना तो पाठवला, आडतीच्या प्लगिनने तो मागितला, आणि बाकीच्या एकाही प्लगिनला हात लावावा लागला नाही. त्यातले काही प्लगिन तर आमचे नाहीतच, गिऱ्हाइकाच्या माणसाने लिहिलेत. सबक्लासच्या काळात हे केलं असतं तर प्रत्येकाची सिग्नेचर बदलत बसलो असतो. उलट बाजूने, कॉल करताना स्पेकमधला आर्ग्युमेंट द्यायचा राहिला तर प्लगी वॉर्निंग देतं, तेही बरं आहे.

आता चेकिंगबद्दल. प्लगिनने स्पेकमध्ये नसलेलं आर्ग्युमेंटचं नाव लिहिलं की रजिस्टर करतानाच व्हॅलिडेशन एरर येतो, उत्तम. पण हुकचंच नाव चुकलं तर? म्हणजे 'वजावटी' ऐवजी 'वजावट' लिहिलं तर? रजिस्टर होताना काहीही बोलत नाही, त्याला वाटतं की स्पेक नंतर येईल. ते फंक्शन कधीच कॉल होत नाही. ह्यासाठी सगळं लोड झाल्यावर चेक पेंडिंग नावाची मेथड कॉल करायची असते, ती केली की असे अनाथ हुक लगेच पकडले जातात. माझ्या मते हे आपोआप व्हायला हवं होतं. तुम्ही प्लगी घेणार असाल तर ही एक ओळ पहिल्याच दिवशी टाका.

क्रम हा दुसरा मोठा मुद्दा. जो प्लगिन शेवटी रजिस्टर झाला तो आधी कॉल होतो. आणि पॅकेज एंट्री पॉइंटवरून (इन्स्टॉल झालेलं पॅकेज 'माझ्यात प्लगिन आहे' अशी जी नोंद ठेवतं ती) लोड करत असाल तर ते कोणत्या क्रमाने येतील ह्यावर विसंबून राहताच येत नाही. एका मशीनवर पट्टीत हमाली वर छापली जायची आणि दुसऱ्यावर तोलाई वर. ट्रायफर्स्ट आणि ट्रायलास्ट असे दोन पर्याय मिळतात पण ते दोन टोकांपुरते, मधल्या पाच जणांचं आपसात काय करायचं हे त्यातून सुटत नाही. आम्ही शेवटी क्रम प्लगीवर सोडलाच नाही, प्रत्येक वजावटीच्या ऑब्जेक्टमध्ये छापायचा क्रमांक असतो आणि पट्टी क्लास स्वतः सॉर्ट करतो. हे जास्त स्वच्छ आहे असं माझं ठाम मत झालंय, हुकच्या क्रमावर अर्थ अवलंबून ठेवूच नये.

राउंडिंगसाठी फर्स्टरिझल्ट वापरतो, म्हणजे जो पहिला नन सोडून काहीतरी देईल त्याचं ऐकायचं आणि थांबायचं. डिफॉल्ट राउंडिंग आमच्याच प्लगिनमध्ये ट्रायलास्ट लावून ठेवलंय, गिऱ्हाइकाचं असेल तर ते आधी येतं नाहीतर आमचं. एकदम मस्त बसलं हे.

रॅपर ही सोय सुरुवातीला अवघड वाटते. एका हुकच्या सगळ्या कॉलभोवती आपलं फंक्शन गुंडाळायचं, मधे यील्ड. ऑडिट लॉग आम्ही असाच लिहितो, कोणत्या पट्टीवर काय वजावटी आल्या त्याची नोंद. प्लगी १.२ पासून नवीन पद्धतीचा रॅपर आलाय तो जुन्यापेक्षा खूप सरळ आहे, यील्डमधून निकाल येतो, एक्सेप्शन आलं तर तेही तिथेच येतं, साध्या ट्राय-एक्सेप्टमध्ये पकडता येतं. फक्त शेवटी निकाल रिटर्न करायचा, नाहीतर पुढच्याला नन मिळतं. कोड रिव्ह्यूमध्ये मी हे मुद्दाम बघतो.

आता जे आवडलं नाही ते. पहिलं म्हणजे वेगळेपणा काहीच नाही. प्लगिन तुमच्याच प्रोसेसमध्ये तुमच्याच अधिकाराने चालतो, डेटाबेस पुसायचा ठरवला तर पुसू शकतो. एका प्लगिनमध्ये एक्सेप्शन आलं की त्या कॉलमधले पुढचे प्लगिन चालतच नाहीत, सगळं वर उडतं. पैशाच्या हिशेबात मला हे बरोबरच वाटतं, अर्धवट पट्टी छापण्यापेक्षा न छापलेली बरी. पण लोड होतानासुद्धा असंच होतं. एंट्री पॉइंटवरून लोड करायची जी तयार मेथड आहे तिच्यात एखाद्या प्लगिनचा इम्पोर्ट फेल झाला की अख्खा प्रोग्रॅम सुरूच होत नाही. पहाटे लिलाव सुरू व्हायच्या वेळेला एखाद्याचा एसएमएसचा प्लगिन इम्पोर्ट होत नाही म्हणून काट्यावरची पट्टी अडून राहणं परवडत नाही. म्हणून आम्ही इम्पोर्टलिब मेटाडेटामधून ग्रुपनुसार एंट्री पॉइंट स्वतः काढतो (पायथन ३.१० पासून ग्रुपचं नाव थेट देता येतं), एकेक ट्राय-एक्सेप्टमध्ये लोड करतो, आणि हिशेबाशी संबंधित प्लगिन पडला तरच थांबतो, बाकीचा पडला तर स्क्रीनवर लाल सूचना दाखवून पुढे जातो. जेमतेम पंधरा-वीस ओळींचं काम आहे.

दुसरं, चालू प्रोग्रॅममध्ये प्लगिन बदलणं. लावणं सोपं आहे, काढणंही सोपं आहे, अनरजिस्टर केलं की पुढच्या कॉलला तो नसतो. उशिरा आलेल्या प्लगिनला आधी होऊन गेलेली घटना कळावी म्हणून हिस्टॉरिक हुकसुद्धा आहे, आम्ही 'गाळा उघडला' ह्या हुकला तो वापरतो. पण त्याच प्लगिनची नवी आवृत्ती टाकायची असेल तर ते प्लगीचं काम नाही, तिथे पायथनच आडवं येतं. मॉड्यूल रीलोड केलं की क्लास नवा बनतो आणि मेमरीत असलेले जुने ऑब्जेक्ट जुन्याच क्लासचे राहतात, नाव तेच पण इझ-इन्स्टन्स फॉल्स देतं. तासन्‌तास शोधत बसाल. लिलाव संपल्यावर प्रोसेस रीस्टार्ट करा, विषय संपला.

तिसरं, टायपिंग. हुकचा कॉल कुठल्या टाइपचं उत्तर देतो हे एडिटरला कळत नाही, टाइप तपासणारं माय-पाय पण गप्प बसतं. स्पेकवर इतके छान टाइप लिहिलेले असूनही कॉलच्या जागी त्यांचा काही उपयोग नाही. आम्ही प्रत्येक हुकभोवती एक छोटी टाइप लावलेली मेथड पट्टी क्लासमध्येच लिहिलीय आणि बाहेरच्या कोणीही हुक थेट कॉल करायचा नाही असा नियम आहे.

मॅनेजर कुठे ठेवायचा ह्यावर आमच्याकडे बराच वाद झाला. बहुतेक उदाहरणांत तो ग्लोबल दिसतो, कमांड लाइन टूलला ते ठीक आहे. आमच्याकडे एकाच सर्व्हरवर अनेक गाळे चालतात आणि एकाचा प्लगिन दुसऱ्याच्या पट्टीला लागता कामा नये. त्यामुळे प्रत्येक गाळ्याचा वेगळा मॅनेजर आणि पट्टी बनवताना तो कन्स्ट्रक्टरमधून आत द्यायचा. मॅनेजर हलका आहे, शेकडो बनवले तरी काही वाटत नाही. टेस्ट लिहितानाही ह्याचा फार फायदा होतो, रिकामा मॅनेजर घ्यायचा, एकच प्लगिन लावायचा, तपासायचा. आणि प्लगिन म्हणून मॉड्यूलऐवजी ऑब्जेक्ट रजिस्टर करा, म्हणजे त्या गाळ्याचे दर त्याच्याच आत राहतात.

स्पीडची तक्रार नाही, फक्त हुक आतल्या लूपमध्ये ठेवू नका. प्रत्येक गोणीला एक कॉल करण्यापेक्षा सगळ्या ओळी एकदम द्या.

दोन-चारच प्रकार असतील आणि सगळा कोड तुमच्याच हातात असेल तर प्लगी घेऊ नका, साधी फंक्शनची लिस्ट किंवा पायथन ३.६ पासून असलेलं इनिट-सबक्लास (सबक्लास बनला की आपोआप कॉल होणारी मेथड) पुरतं. बाहेरची माणसं प्लगिन लिहिणार असतील तर मात्र घ्या, आणि त्यांना स्पेकबरोबर नमुन्याच्या पट्ट्याही द्या. आम्ही देतो: ४२ गोणी कांदा, २१ क्विंटल, भाव १,४००, हमाली गोणीमागे ६, तोलाई ३, म्हणजे २९,४०० मधून ३७८ जाऊन २९,०२२ आले पाहिजेत. दर उदाहरणापुरते आहेत. अशा पट्ट्यांचा एक संच पायटेस्टमध्ये बांधून दिलाय, प्लगिनवाला आपल्या मशीनवर चालवतो, सगळ्या पट्ट्या जुळल्या की मगच आम्हाला पाठवतो.