ड्रॅगन्स डॉग्मा: डार्क अराइझन – जून ते दिवाळी खेळल्यानंतर

आधीच सांगतो, कथेसाठी गेम घेणार असाल तर हा घेऊ नका. सुरुवात झकास आहे. कॅसार्डिस नावाच्या कोळ्यांच्या गावावर ड्रॅगन उतरतो, आपलं काळीज उपटून गिळतो आणि तरी आपण जिवंत राहतो. पुढे मात्र कितीतरी तास कथा नुसती रेंगाळते. राजधानी ग्रॅन सोरेनमध्ये कोणी काम सांगतं, आपण करून येतो, पुन्हा कोणी काम सांगतं. पात्रांचं ते जुनाट वळणाचं इंग्रजी ऐकून कान किटतात. असं असूनही जूनमध्ये सुरू केलेला हा गेम दिवाळीचा फराळ संपला तरी सुटलेला नाही.

मूळ गेम २०१२ चा, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वरचा. दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो, म्हणजे डेव्हिल मे क्राय या मारधाडीच्या गेमचे पुढचे भाग करणारा माणूस, आणि ते पहिल्या मारामारीतच कळतं. डार्क अराइझन ही वाढवलेली आवृत्ती २०१३ ची, पीसीवर ती जानेवारी २०१६ मध्ये आली. जुना असल्यामुळे लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या माझ्या सेकंडहँड ग्राफिक्स कार्डावरही तो न अडखळता चालतो. मार्च २०२४ मध्ये आलेला दुसरा भाग या कार्डाला झेपणार नाही, त्यामुळे त्याबद्दल मी बोलत नाही.

आता खरा माल. या गेममध्ये मोठ्या राक्षसांच्या अंगावर चढता येतं. इतर गेममध्ये आपण पायाशी उभं राहून घोट्यावर तलवार हाणत बसतो, इथे सायक्लॉप्सच्या केसाळ पाठीवरून डोक्यापर्यंत जाऊन त्याच्या एकुलत्या एका डोळ्यात खंजीर खुपसता येतो. ग्रिफिनशी, म्हणजे गरुडाचं डोकं-पंख आणि सिंहाचं धड असलेल्या राक्षसाशी, पहिली गाठ पडली तेव्हा मी स्ट्रायडर प्रकारचा लढवय्या होतो, हातात खंजीर आणि छोटं धनुष्य. तो खाली उतरल्यावर मागचा पाय धरला आणि तो उडाला! खालचं मैदान लहान होत गेलं, माझे साथीदार ठिपक्याएवढे दिसू लागले. लटकून राहायला स्टॅमिना, म्हणजे अंगातला दम, लागतो, आणि ती पट्टी तर भराभर उतरत होती. हात सुटला की उंचीवरून पडून खेळ खलास. मग मेनू उघडला (मेनू उघडला की जग थांबतं, हा आणखी एक गमतीशीर प्रकार), हवेत लटकल्या लटकल्या झोळीतले मशरूम खाल्ले, स्टॅमिना भरला आणि पंखांपर्यंत सरकलो. तेवढ्यात खालून माझ्या जादूगारणीची आग पंखांना लागली. पंख पेटले की ग्रिफिनला उडता येत नाही. दोघेही धाडकन खाली. यातलं काहीही कटसीन, म्हणजे आधीच बनवलेलं नुसतं बघायचं दृश्य, नव्हतं, कोणी ‘आता हे बटन दाबा’ म्हणत नव्हतं. रात्रीचा दीड वाजला होता आणि मी खुर्चीवरून उठून उभा होतो.

ही जादूगारीण म्हणजे माझा मुख्य पॉन, गोदा. पॉन ही या गेमची अफलातून कल्पना. एक साथीदार आपण स्वतः घडवायचा, बाकीचे दोन इतर खेळाडूंनी घडवलेले, भाड्याने आणलेले. आपण झोपलेलो असतो तेव्हा आपला पॉन दुसऱ्या कुणाच्या तरी जगात राबत असतो, आणि सरायमध्ये मुक्काम केला की तिथलं ज्ञान, शेरे, कधी एखादी भेटवस्तू घेऊन परत येतो. मित्राचा पॉन कितीही वरच्या लेव्हलचा असला तरी फुकट मिळतो. माझा एक मित्र ठाण्याला राहतो. त्याने गोदाला पहिल्यांदा नेलं आणि परत पाठवताना भेट म्हणून सडकं मांस दिलं. (गेममध्ये मांस खरंच नासतं.) पण ती त्याच्याकडून कायमेराबद्दल (सिंह, बोकड आणि साप एकाच अंगात असलेला राक्षस) शिकून आली होती: शेपटीचा साप आधी छाटायचा, बोकडाचं डोकं जादू करतं म्हणून त्याला गप्प करायचं. भाड्याच्या पॉनांची लेव्हल मात्र वाढत नाही, त्यांना दर थोड्या दिवसांनी बदलावंच लागतं. पावसाळ्यात आमच्या भांडुपला इंटरनेट रुसलं की खऱ्या माणसांचे पॉन दिसेनासे होतात आणि गेमच्या साठ्यातले ठोकळेबाज पॉन समोर येतात. तेव्हा फरक कळतो.

आणि त्यांची बडबड! लांडगे कळपाने येतात, गॉब्लिनना आग सोसत नाही, हा बघा केवढा मोठा दगड. तेच तेच, दर वळणावर. एका संध्याकाळी हेडफोन चार्जिंगला होता म्हणून स्पीकरवर खेळत होतो. आई कुकर लावता लावता म्हणाली, “अरे, त्या बाईला सांग ना एकदाचं, कळलं म्हणून.” काही ठिकाणी एक खुर्ची असते, तिच्यावर बसून पॉनशी बोललं की त्याचं तोंड थोडं आवरता येतं. हे गेम नीट सांगत नाही.

बरंच काही नीट सांगत नाही. सेव्हची जागा एकच. नवा खेळ सुरू केला की जुना गेला. घरात दोघांना खेळायचं असेल तर भांडणं ठरलेली. मुख्य कथा पुढे सरकली की काही छोटी कामं न सांगता बंद होतात. सूचना फलकावरची ‘मला अमुक ठिकाणी पोहोचवा’ ही कामं तर शुद्ध छळ आहेत, कारण ज्याला पोहोचवायचं तो स्वतःच जाऊन राक्षसापुढे उभा राहतो. त्याच वळणावर तेच दरोडेखोर पुन्हा पुन्हा. आणि कोणत्या पात्राशी आपली किती जवळीक, हा गेमचा हिशेब असा वेडा आहे की ज्याच्याकडून सतत सामान घेतलं तो दुकानदारच तुमचा प्राणप्रिय ठरू शकतो आणि ऐन क्षणी ड्रॅगनच्या पंजात तोच दिसतो. इंटरनेटवर यावरचे विनोद संपत नाहीत.

चालण्याबद्दल लोक तक्रार करतात. त्यात मात्र मी गेमच्या बाजूचा आहे. पीसीवर कधीही न संपणारा फेरीस्टोन, म्हणजे क्षणात दुसऱ्या ठिकाणी नेणारा दगड, सरायमधल्या साठ्यात मिळतो, पण उडी मारून जाता येतील अशी ठिकाणं सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे निघण्याआधी विचार करावा लागतो. ओझं वाढलं की स्टॅमिना हळू भरतो. रात्र म्हणजे खरी रात्र, कंदिलाच्या उजेडापलीकडे काही दिसत नाही, आणि कंदिलाला तेल लागतं. ट्यूबलाइट लावून खेळलात तर स्क्रीनवर नुसता स्वतःचा चेहरा दिसेल, म्हणून दिवा घालवूनच खेळा. अंधारात वाट चुकून दूरवर छावणीच्या मशाली दिसल्या की जो जीव भांड्यात पडतो, तो नकाशावर टिचकी मारून पोहोचणाऱ्याला काय कळणार?

सध्या बिटरब्लॅक बेटावर, म्हणजे डार्क अराइझनमध्ये वाढवलेल्या भागात, अडकलोय. कॅसार्डिसच्या धक्क्यावर रात्री ओल्रा नावाची बाई भेटते, ती तिथे नेते. तिचं ऐकून लगेच निघू नका, निदान पन्नासाव्या लेव्हलपर्यंत थांबा. तिथे मेलेल्या राक्षसांच्या वासावर आणखी मोठे राक्षस येतात, आणि मृत्यू नावाचा कोयतावाला राक्षस एका फटक्यात सगळ्यांना झोपवतो.

कीबोर्डवर खेळता येतं, पण चढाचढीसाठी कंट्रोलर घ्याच, साधासुधाही चालेल. आणि पहिल्या दोन संध्याकाळी कंटाळा आला तर ग्रिफिन भेटेपर्यंत दम धरा. त्यानंतरही नाही आवडला तर खुशाल काढून टाका.