सशोबा : दीड वर्षाच्या वापरानंतर

सशोबा म्हणजे लेकीचा मऊ खेळण्यातला ससा. घेतला तेव्हा लेक दीड वर्षाची होती, आता तीन पूर्ण होतील. ऑनलाइन मागवला, ५४९ रुपयांना. मालवणजवळच्या आमच्या वाडीत पोचायला नऊ दिवस लागले. आयएसआय चिन्ह आहे (१ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना सक्तीचं आहे, बघूनच घ्या). डोळे धाग्याने भरलेले, बटणाचे नाहीत, म्हणजे उपटून तोंडात जायची भीती नाही. एवढ्यावर पहिल्याच आठवड्यात मी पाच तारे देऊन मोकळी झाले होते. तेव्हा मला काहीच कळलेलं नव्हतं.

कारण लेकीला ससा आवडलाच नव्हता. तिला आवडलं ते सशाच्या बुडाला शिवलेलं गुळगुळीत लेबल. अंगठा तोंडात, आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत ते लेबल चोळत राहायचं. चोळणं मंदावलं की समजायचं, झोप लागली. त्यावरची अक्षरं महिन्याभरात पुसली गेली. उजवा कान चोखून चोखून करडा झालाय, आतला कापूस पोटातून सरकून पायात गेलाय, मान टाकलीय. शिवण मात्र उसवली नाही, हे मान्य करायला हवं.

आता मुख्य तक्रार, आणि ती सशापेक्षा माझ्याबद्दलच जास्त आहे. मागच्या जुलैत त्याला इतका कुबट वास यायला लागला की मी लेक झोपलेली बघून तो धुतला. आमच्याकडचा जुलै! पडवीतल्या दोरीवर तीन दिवस लटकवला तरी पोटात ओल तशीच. बुरा येईल म्हणून शेवटी न्हाणीच्या चुलीजवळ टांगला. वाळला कडक, पण अंगाला धुराचा वास. लेकीने नाकाशी धरला आणि फेकून दिला. "ह्यो माझो न्हय." त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री घरात कोणी झोपलं नाही.

डॉनल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९५३ साली अशा वस्तूंवर लिहिलेल्या निबंधात नेमकं हेच आहे : वस्तू मळली, वास मारू लागली तरी आईबाप धूत नाहीत, कारण धुतलं की मुलाच्या अनुभवातलं सातत्य तुटतं. मी हे धुतल्यानंतर वाचलं. माझ्या सासूबाईंनी काहीही न वाचता आधीच सांगितलं होतं, "रवांदे गे. तिका तोच वास होयो." उपायही त्यांनीच केला. ससा माझ्या अंगावरच्या, न धुतलेल्या गाऊनमध्ये गुंडाळून रात्रभर उशाखाली ठेवला. चौथ्या दिवशी स्वीकारला गेला.

धडा घेऊन तसाच दुसरा मागवला. तो बेत पुरता फसला. नवा ससा "पाव्हणो" ठरला. त्याला चहा दिला जातो, झोपायला मात्र बोलावत नाहीत. दोन घ्यायचेच असतील तर पहिल्या दिवसापासून आलटून पालटून द्या, म्हणजे दोघे सारखेच मळतील.

सावंतवाडीच्या चितार आळीतून आणलेली लाकडी फळं आहेत. रंग सुंदर, दिवसभर त्यांचा बाजार मांडलेला असतो. झोपताना दिवे मालवले की कोणी विचारत नाही. लाकूड कुशीत घेऊन कोण झोपेल म्हणा!

एक महत्त्वाचं : वर्षाच्या आतलं बाळ असेल तर झोपायच्या जागी कुठलंच मऊ खेळणं ठेवू नका, हेही नाही आणि दुसरंही नाही.

या महिन्यात अंगणवाडी सुरू झाली. ससा न्यायचा नाही असं ठरलं होतं, रडारडीची तयारीही होती. तिने जाताना त्याला खिडकीत बसवलं, तोंड रस्त्याकडे करून, आणि माझ्याकडून लेबल कापून घेतलं. ते फ्रॉकच्या खिशात असतं. रात्री मी सेफ्टी पिनेने परत लावते, झोप लागली की पिन काढून घेते.

चार तारे. एक कापला तो लेबल एकच दिल्याबद्दल.