टूकान पाळल्याला चौदा महिने झाले: पपई, लोह आणि पोछा

आधीच सांगते, टूकान बोलत नाही. घरी आलेला प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा तेच विचारतो, आणि आमचा पक्षी उत्तरादाखल डबक्यातल्या बेडकासारखा 'ग्रॉक' करतो. बोलका पक्षी हवा असेल तर पोपट बघा, पुढचं वाचू नका.

आम्ही ह्यूस्टनच्या बाहेरच्या उपनगरात राहतो. पक्षी टोको जातीचा, म्हणजे काळं अंग, पांढरा गळा, नारिंगी चोच. मूळचा ब्राझील-बोलिव्हियाकडचा, पण आमचा इथेच पिंजऱ्यात जन्मलेला. १९९२ च्या कायद्यानंतर अमेरिकेत जंगलातून पकडलेले असे पक्षी पाळण्यासाठी आणणं जवळजवळ बंदच झालं, त्यामुळे पैदास करणाऱ्याकडे नाव नोंदवून थांबावं लागतं आणि किंमत हजारो डॉलरांत जाते. लेकीने नाव ठेवलं मँगो. सासूबाई त्याला नाकाड्या म्हणतात आणि तो त्याच नावाला वळून बघतो.

खाण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. टूकानला लोह बाधतं. जंगलातल्या फळांत लोह कमी, म्हणून त्याचं आतडं मिळेल तेवढं शोषून घेतं. घरी जास्त मिळालं की ते यकृतात साठत राहतं. मैनांनाही हा रोग होतो. वाईट भाग असा की पक्षी शेवटपर्यंत ठणठणीत दिसतो आणि एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी सापडतो. रक्ततपासणीवरून खात्रीने काही कळत नाही, यकृताचा तुकडा काढून बघावा लागतो. पूर्वी लोक टूकानला सर्रास कुत्र्याचं कोरडं खाणं भिजवून घालायचे, त्यात लोह भरपूर.

हे सासूबाईंना पटवणं हा वेगळाच अध्याय. ज्या घरात खजूर, गूळ, पालक, बीट हे सगळं 'रक्त वाढतं' म्हणून खाऊ घातलं गेलं, तिथे 'याला लोह नको' हे वाक्यच कुणाच्या गळी उतरेना. त्यात पुन्हा गंमत अशी की नॉनस्टिक भांडं फार तापलं की त्याच्या वाफेने पक्षी मरतात, म्हणून मी घरातले सगळे नॉनस्टिक काढून टाकले आणि बिडाचा तवा आणला. म्हणजे माणसांच्या पोळ्यांत लोह आलं आणि पक्ष्याच्या ताटातून गेलं.

आमचं ताट असं: पिकलेली पपई निम्मी, बाकी खरबूज, ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद, कधी केळं. सोबत कमी लोहाचे पेलेट्स, म्हणजे पक्ष्यांच्या तयार खाण्याच्या गोळ्या. माझुरी आणि झूप्रीम या दोन्ही कंपन्यांचे मिळतात. पाकिटावर लोहाचा आकडा १०० पीपीएमच्या (दहा लाखात शंभर भाग) आत आहे ना ते बघून घ्या. संत्रं, लिंबू, अननस, टोमॅटो बंद, कारण आंबट फळांसोबत लोह जास्त शोषलं जातं. पपईतही क जीवनसत्त्व असतं की, हे मीही डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांचं उत्तर: पपई आंबट नाही, तिच्यात लोह अगदी थोडं, आणि टूकान तिच्यावर पोसतात हा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. माहेर नागपूरचं असल्याने संत्र्याला घरात बंदी घालताना मला थोडं लागलं, हे कबूल करते. अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट तर कुठल्याच पक्ष्याला नको.

पेलेट्सबद्दल तक्रार आहे. पहिले दोन महिने मँगो एकेक गोळी उचलायचा, चोचीच्या टोकात धरून बघायचा आणि मान झटकून भिंतीवर मारायचा. शेवटी जमलं ते असं: गोळ्या दहा मिनिटं पाण्यात मऊ करायच्या, कुस्करलेल्या केळ्यात घोळवायच्या आणि सकाळी भुकेच्या वेळी आधी त्याच द्यायच्या, फळं अर्ध्या तासाने. फोडी बोराएवढ्या हव्यात. तो चावत नाही. टोकात धरतो, मान मागे टाकतो आणि फोड हवेतून थेट घशात जाते. इतक्या लांब चोचीने द्राक्ष अलगद उचलताना बघितलं की दिवसभराचा शीण जातो. आठवड्यातून दोनदा रातकिडे किंवा अळ्या. जंगलातले टूकान दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यातली अंडी-पिल्लंही खातात, शाकाहारी घरांनी याचा आधी विचार करावा.

आता दुसरी बाजू. टूकानला पोपटासारखी अन्न साठवायची गळ्यातली पिशवी नसते. खाल्लेलं तासाभराच्या आत बाहेर, तेही पातळ, आणि पिचकारीसारखं आडवं. तीन फुटांवरची भिंत मी प्लास्टिकच्या चादरीने झाकली आहे. सकाळ-संध्याकाळ पोछा. उन्हाळ्यात उरलेली फळं तीन-चार तासांत उचलली नाहीत तर चिलटं आणि मुंग्या. उंदीर तर अजिबात नकोत, त्यांच्या लेंड्यांतून येणारा एक जंतू टूकानला झटकन मारतो. पहिल्याच महिन्यात नवरा म्हणाला, 'आपण पक्षी आणला की पपईचा कारखाना?'

पिंजरा विकत घेतलेला परत केला. पोपटाचा पिंजरा उंच असतो, आणि टूकान चढत नाही, उड्या मारतो. त्याला लांबी हवी. नवऱ्याने मागच्या व्हरांड्यात आठ फूट लांब, पाच फूट रुंद जाळी बांधली, दोन्ही टोकांना ओकच्या फांद्या आणि मध्ये मोकळी जागा. जस्ताचा मुलामा असलेली जाळी टाळा, तो चोचीने खरवडतो. थंडीत पारा दहा अंशांखाली गेला की मुक्काम कपडे धुण्याच्या खोलीत.

एक प्रसंग लिहायलाच हवा. मार्चमध्ये सासूबाई त्याला पपई भरवत होत्या. त्यांच्या मंगळसूत्राचा दोरा जुना झाला होता. मँगोने एक हिसका दिला आणि काळे मणी फरशीवर पसरले. त्याच्या दृष्टीने ती ब्लूबेरीच. तीन मणी गिळले. पक्ष्यांचे डॉक्टर सत्तर मैलांवर. मी गाडीची किल्ली शोधतेय तोवर त्याने मान खाली घातली, दोनदा आचके दिले आणि दोन मणी ओकून टाकले. तिसरा रस्त्यात पेटीत पडला, दुसऱ्या वाटेने. मणी काचेचे म्हणून निभावलं. वाटी किंवा तार असती तर शस्त्रक्रिया, असं डॉक्टर म्हणाले. आता जाळीत शिरण्याआधी दागिने, घड्याळ, केसांची पिन सगळं बाहेर.

एवढं असून तो आवडतो का? हो. जुलैत संध्याकाळी चोचीला हात लावला की चहाच्या कपासारखी कोमट लागते. अंगातली उष्णता तो तिच्यातून बाहेर टाकतो. तीच चोच पहाटे गार. दिसायला अवजड, पण आतून हाडांचा जाळीदार फेस, वजन जवळजवळ नाहीच. झोपताना ती पाठीवर टेकवतो, वर शेपूट दुमडून घेतो, आणि एवढ्या मोठ्या पक्ष्याचा काळा गोळा होतो.

पण सुट्ट्या विसरा. डिसेंबरात पुण्याला मी आणि लेक दोघीच गेलो, नवरा मागे राहिला, कारण पाळीव प्राणी सांभाळणाऱ्या नेहमीच्या पाळणाघरांनी टूकान म्हटल्यावर फोन ठेवले. तिकडे सगळ्यांना फोटो दाखवले तर कोकणातले काका म्हणाले, 'हा तर आपला धनेश, आणतो एक पिल्लू.' धनेश वेगळा, आणि भारतात तो पाळणं गुन्हा आहे, हे त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. भारतात परदेशी टूकान घ्यायचा विचार असणाऱ्यांनीही आधी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचं बघा. कागद नसलेला पक्षी कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

घेऊ का, असं मैत्रिणी विचारतात. मी त्यांना शनिवारी सकाळी सातला घरी बोलावते आणि हातात पोछा देते. आतापर्यंत चौघी आल्या, एकीनेही पैदासवाल्याचा नंबर मागितलेला नाही. हा पक्षी वीसेक वर्षं जगतो, म्हणजे लेक कॉलेज संपवून घराबाहेर पडेल तेव्हाही पपई चिरणारी मीच असणार. उद्याची अजून कच्चीच आहे, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली आहे.