सहा दगड, सात किलोमीटर

माझी गाडी टाटा १६१३, २००९ चं मॉडेल, सहा टायरी. वडिलांनी घेतली, आता मी बघतो. निफाड तालुक्यातून वाशी मार्केटला कांदा न्यायचा, येताना जे भाडं मिळेल ते आणायचं. गाडीवर तात्या. वडिलांच्या काळापासून तेच. हे आधी सांगतो, कारण या प्रकरणात पैसे माझे गेले, पण चोर म्हणून नाव तात्यांचं निघालं. आणि ते काढणारा मीच.

जुलै २०२४. खळ्यावर माल भरल्यावर गाडी काढताना मागचं एक चाक चिखलात रुतलं. पाऊस चालू, हमालांची घाई, आणि मी स्वतः खाली उभा राहून ओरडत होतो, “रेस द्या, निघेल!” एक चाक जागच्या जागी गरगर फिरतंय आणि दुसरं ढिम्म. मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच म्हणजे डिफरन्शियल. त्याची ही रीतच आहे, ज्या चाकाला अडवणूक कमी, फिरणं त्याच्याच वाट्याला. आत एका क्रॉसवर, म्हणजे अधिकच्या आकाराच्या दांड्यावर, चार लहान गिअर म्हणजे पिनियन असतात, त्यांना स्टार पिनियन म्हणतात. सरळ रस्त्यावर ते क्रॉसवर जवळजवळ फिरतच नाहीत, वळणावर थोडे फिरतात. एकच चाक असं मोकाट फिरलं की ते चिमुकले गिअर एकदम जोरात फिरायला लागतात. वंगण पुरत नाही, क्रॉस तापतो, पिनियन त्यावर आवळतात. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी गाडी निघाली याचाच आनंद.

दोन खेपांनंतर तात्या म्हणाले, “भाऊ, मागून कटकट येतीय. पण फक्त वळणावर.”

मी म्हणालो, “एवढा सीझन काढा, मग बघू.”

“फक्त वळणावर” हे दोन शब्द मी नीट ऐकले असते तर पुढचं रामायण टळलं असतं. आवाज फक्त वळताना असेल तर संशय स्टार पिनियनवर. सरळ रस्त्यावर रेस दिली की हुंकारल्यासारखा आवाज येत असेल आणि रेस सोडली की बदलत असेल, तर क्राऊन-पिनियनवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या लांब शाफ्टचं फिरणं चाकांकडे वळवणाऱ्या मोठ्या चकतीच्या आणि लहान गिअरच्या जोडीवर. दोन्ही दुरुस्त्यांच्या खर्चात मोठा फरक आहे.

मग एके दिवशी खताच्या गोण्या घेऊन कसारा घाट चढून गाडी वर आली, इगतपुरी मागे पडली, आणि डिझेल पंपातून बाहेर वळताना मागे खाडकन आवाज झाला. तात्यांचा फोन: “शाफ्ट फिरतोय, चाक हलत नाही.” पावसात, भरलेली गाडी, आणि माल उद्या पोचवायचा.

मी पोचेपर्यंत पंपावरच्या कुणीतरी मिस्त्री गाठून दिला होता. गोड माणूस. चहा त्यानेच मागवला. गाडीखाली पाच मिनिटं डोकावला आणि हात पुसत म्हणाला, “शेठ, क्राऊन-पिनियनची वाट लागली. नवीन सेट टाकावा लागेल.” अजून एक नटही खोलला नव्हता. शाफ्ट फिरतो आणि चाक हलत नाही, एवढ्यावरून आत काय तुटलंय ते सांगता येत नाही. नुसता एका बाजूचा एक्सल, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा, तुटला तरी हेच होतं, आणि एक्सल तर हबचे नट काढून टायर न उतरवता बाहेर ओढून बघता येतो. मी हे विचारलंच नाही. विचारायला माहीत असावं लागतं ना.

त्याने ४६ हजार सांगितले, ४१ वर तोडला. घासाघीस जिंकल्याचं समाधान मला मिळेल याची त्याने सोय केली होती. बिलाचं विचारलं तर हसला. “पक्कं बिल पाहिजे तर २८ टक्के वर जातील शेठ. गॅरंटी माझ्या शब्दाची.” तेव्हा सुट्या भागांवर जीएसटी २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. मी कच्च्यावर राजी झालो. २५ हजार मोबाइलवरून दिले, तेही त्याच्या नाही, त्याने सांगितलेल्या दुसऱ्याच कुणाच्या नंबरवर. बाकी रोख.

मग मी माल दुसऱ्या गाडीत भरायच्या मागे लागलो. तात्यांना सोबत घेतलं. गाडीपाशी फक्त क्लीनर पोरगा. एक्सल ओढले, शाफ्ट सोडवला, पुढून सगळा गिअरांचा गड्डा दोघा-तिघांनी मिळून खाली उतरवला, तोवर पोरगा तिथेच होता. मग मिस्त्रीने त्याला पार्ट धुवायला डिझेल आणायला पाठवलं. पंप समोर, पण तिथून त्याला परत दुसरं काहीतरी आणायला पाठवलं. असा त्याचा तासभर गेला.

संध्याकाळी पोत्यावर एक क्राऊन मांडून ठेवलेली. तीन दात उडालेले. “हे बघा तुमचं.” मी बघितलं, मान हलवली. वर म्हणालो, “बरं झालं वेळेत खोललं.”

तुटलेल्या जागी गंज होता. आज ते डोळ्यांसमोर लख्ख दिसतं. सकाळी तुटलेला दात आतून राखाडी, चकचकीत असतो. तेलात बुडालेल्या दाताला एका दिवसात गंज येईल कुठून?

गाडी चालू झाली. एवढंच नाही, ती आधीपेक्षा बरी चढायला लागली. तात्या खूश. “कसाऱ्याला तिसऱ्यात घ्यावी लागायची तिथं चौथ्यात चढतीय, भाऊ.” मी त्या मिस्त्रीचा नंबर आणखी दोघा गाडीवाल्यांना दिला. त्याची लाज अजून वाटते.

महिना अखेरीस डायरी मांडली. बहुतेक जुन्या गाड्यांची मीटरची केबल तुटलेली असते. माझी चालू आहे, आणि त्याची मला जरा घमेंडच होती. आमच्या गोदामापासून वाशीच्या गेटपर्यंत २१० किलोमीटर, जाऊन-येऊन ४२०. डिझेल ८४ लिटरच्या आसपास, म्हणजे पाचचं अ‍ॅव्हरेज. त्या महिन्यात दर खेपेला मीटर ४९० पडलेलं आणि डिझेल ९३ लिटर. भागाकार केला तर अ‍ॅव्हरेज ५.२७! गाडी सुधारलेली, पण दर खेपेला ७० किलोमीटर जास्त. माझ्या डोक्यात एकच उत्तर आलं: तात्या वाटेत कुणाचं तरी भाडं मारतायत.

मी ते बोललो. क्लीनरसमोर बोललो. तात्यांनी वाद घातला नाही. चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “पुढच्या खेपेला तुम्ही बसा शेजारी. वाशी दाखवा मला, कुठून जायचं ते.”

मी बसलो. नाशिक सोडलं, मुंबई-आग्रा रस्त्याला लागलो. साठच्या काट्यावर गाडी, आणि भाजीचे छोटे टेम्पो आम्हाला आरामात ओलांडून जात होते. तात्या गप्प. मला काही सुचेना म्हणून मी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजायला लागलो. सहा दगड गेले, मीटर सात सरकलं. परत मोजले. परत सहाला सात. वाशीच्या गेटवर मीटर २४५ वर, आणि गाडी एकदाही रस्ता सोडून गेली नव्हती.

परतताना नाशिकच्या एका वयस्कर मिस्त्रीकडे गाडी लावली. दगडांचं सांगितलं तसा तो म्हणाला, “सहाला सात? मग मला खोलायचीसुद्धा गरज नाही. पण तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा.” गाडी रिकामी, जमीन सपाट. बाकीच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे मारले, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा. मागची एकच बाजू जॅकवर उचलली. चाकावर चुन्याची रेघ, शाफ्टवर चुन्याची रेघ. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राऊनचा एकच फेरा होतो, म्हणून ते चाक दोन फेरे फिरवायचं आणि तेवढ्यात शाफ्टचे फेरे मोजायचे. तात्यांनी चाक फिरवलं, मी मोजले. सातला थोडे कमी भरले.

माझ्या गाडीला ७-४१ चा सेट होता. पिनियनला सात दात, क्राऊनला एक्केचाळीस. तो असता तर शाफ्ट सहाला थोडा कमी फिरला असता. आत होता ६-४१. टिपरला, चढाच्या कामाला चालणारा. घाटात गाडी ओढणार, पण तेवढाच रस्ता कापायला इंजिन जास्त फिरणार, डिझेल जास्त पिणार. आणि मीटरची केबल निघते गिअरबॉक्सवरून, मागे काय बदललंय ते तिला कळत नाही. सहा किलोमीटरला ती सात मोजते, काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी एक्कावन्नने चाललेली असते. चोरी लपवायचं काम माझं मीटरच करत होतं. इगतपुरीच्या त्या मिस्त्रीलाही बहुतेक हे सुचलं नसेल. भंगारातून हाताशी आलं ते त्याने टाकलं, आणि माझा चांगला ७-४१ लाईनच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्यांना हवाच असतो, तो विकला.

चांगला होता हे कशावरून? क्लीनर पोरगं तेव्हा बोललं. “गड्डा बाहेर काढला तेव्हा मोठी चकती सगळी शाबूत होती. आतल्या पिंजऱ्यातून तुकडे पडले.” तू आधी का नाही सांगितलंस, विचारलं, तर म्हणाला, “तुम्ही तात्यांना असं बोललात, मग मी काय बोलणार?”

दसऱ्याच्या सुमारास मागून हुंकार सुरू झाला तेव्हा गड्डा खोलला. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीनेच घासून जमवतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. माझ्या गाडीतल्या दोघांवर दोन वेगळे नंबर. म्हणजे भंगारातलाही एक सेट नाही, दोन सेटांतून जमवलेली जोडी. स्टार पिनियन मात्र खरोखर नवीन निघाले. मूळ बिघाड तेवढाच होता, आणि तेवढ्याचाच खर्च यायला हवा होता.

इगतपुरीकडे गेलो होतो. तोच चहा, तोच गोडवा. “तुमच्या गाडीत हेच होतं शेठ, मी तर जसंच्या तसं नवीन टाकलं.” माझ्याकडे दाखवायला काय होतं? जुना सेट मी मागून घेतला नव्हता, दात मोजून कागदावर लिहून घेतले नव्हते, खोलताना एक फोटोही काढला नव्हता. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, मग वकिलाला भेटलो. तो म्हणाला, “धंद्याची गाडी असली तरी स्वतःच्या उपजीविकेसाठी आहे असं म्हणून ग्राहक आयोगापुढे भांडता येतं. पण दुरुस्ती केली कुणी, हे तुम्ही कशावरून दाखवणार? पैसे गेलेत तिसऱ्याच माणसाला.” पोलिसांत साधा अर्ज देऊन आलो. त्याचं पुढे काही झालं नाही.

आता गाडी कुठेही खोलायची तर तात्या आधी चुन्याने फेरे मोजतात, खोलल्यावर दात मोजतात, पिनियनचा नंबर क्लीनरच्या मोबाइलमध्ये जातो, आणि जुना माल धुऊन केबिनमध्ये आमच्या पायाशी येतो. मिस्त्री लोकांना राग येतो. येऊ दे. ज्याला फार राग येतो त्याच्याकडून आम्ही गाडी काढून घेतो.

नवीन ७-४१ घ्यायला पैसे जमलेले नाहीत. नाशिकच्या मिस्त्रीने दातांमधली मोकळीक कमी-जास्त करून जोडी पुन्हा बसवून दिलीय, चालेल तेवढे दिवस चालेल. तात्या अजून गाडीवर आहेत. मला पूर्वी नुसतं “भाऊ” म्हणायचे, आता कधी कधी “मालक” म्हणतात. वाशीच्या गेटवर पोचले की फोन करतात, “मीटर दोनशे पंचेचाळीस.” मी डायरीत २१० लिहितो.