फक्त इंग्रजीतून, की स्पॅनिशचा आधार घेऊन?

माद्रिदमध्ये सेल्टा (इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीचा प्रशिक्षण अभ्यासक्रम) करताना प्रशिक्षणार्थीला खऱ्या वर्गात सहा तास शिकवावं लागतं. समोर ऑफिस सुटल्यावर आलेली मोठी माणसं असतात आणि शिकवायचे मार्ग दोन.

वर्गात फक्त इंग्रजी हा पहिला. उच्चारांसाठी हाच उत्तम. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’ त्यांना सारखेच ऐकू येतात. ‘स्कूल’चं ‘एस्कूल’ होतं. इथे समजावण्यापेक्षा पुन्हा पुन्हा ऐकवणं आणि म्हणून घेणंच कामी येतं.

व्याकरणात मात्र मी ठामपणे स्पॅनिशच्या बाजूने आहे. कुणी ‘आय हॅव थर्टी इयर्स’ म्हटलं, की शेजारी ‘तेंगो त्रेइंता आन्योस’ लिहावं: स्पॅनिशमध्ये ‘मी तीस वर्षांचा आहे’ हे असंच, शब्दशः ‘माझ्याकडे तीस वर्षं आहेत’ असं म्हणतात. चूक कुठून आली ते लगेच कळतं. ‘इट’ गाळून म्हटलेल्या ‘इज रेनिंग’चंही तेच, स्पॅनिशमध्ये तिथे कर्ता लागतच नाही. (आपल्यालाही ही सवय ओळखीची: ‘येतो’ म्हटलं की पुरे.) मोठी माणसं कारण विचारतात. त्यांना उत्तराऐवजी नुसती चित्रं दाखवत राहणं मला त्यांचा अवमान वाटतो.

वर्गात अरबी किंवा चिनी भाषकही असतील, तर मात्र पहिलाच मार्ग धरावा लागतो.