फायरवॉच : वाट झकास, मुक्काम फिका

सातपुड्यात उन्हाळा तापायच्या आधी वनखातं जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, काढून घेतं, तरी यावल-पालच्या बाजूला वणवा लागायचा तो लागतोच. त्यामुळे मनोऱ्यावर बसून धूर शोधणाऱ्या माणसाचं काम खानदेशात कुणाला समजावून सांगायला नको. ‘फायरवॉच’ हा कॅम्पो सान्तो या छोट्या स्टुडिओचा २०१६ सालचा गेम. काळ १९८९चा, जागा अमेरिकेतल्या वायोमिंगमधलं शोशोनी जंगल. आदल्याच वर्षी शेजारचं यलोस्टोन होरपळून निघालेलं. बायकोच्या स्मृतिभ्रंशापुढे हात टेकलेला हेन्री इथे नोकरीला येतो. सोबतीला एकच, दुसऱ्या मनोऱ्यावरच्या डेलायलाचा वॉकीटॉकीवरचा आवाज.

गेमची जान या वॉकीटॉकीत आहे. चालता चालता उत्तर निवडायचं, आणि वेळ सरली तर तुमचं गप्प बसणं हेच उत्तर धरलं जातं. बोलणं भरभर आणि टोमण्यांचं आहे, म्हणून इंग्रजी सबटायटल आधीच चालू करून घ्या. मराठीत काही नाही.

दुसरी मजा वाट शोधण्याची. एका हातात नकाशा, दुसऱ्यात होकायंत्र. सेटिंगमध्ये नकाशावरचा आपला ठिपका बंद करता येतो. तो बंदच करा, नाहीतर ठिपक्याकडे बघत चालण्यात जंगल वाया जातं. रानात ठिकठिकाणी कुलूपबंद पेट्या आहेत, सगळ्यांचा आकडा १२३४. पेटीतल्या नकाशावरच्या पायवाटा हेन्री आपल्या नकाशावर उतरवून घेतो. पेटी टाळली की त्या खुणा मिळत नाहीत, आणि रॉन व डेव्ह या दोघांनी एकमेकांना लिहिलेल्या गमतीदार चिठ्ठ्याही हुकतात.

गेमला ६ जीबी रॅम आणि ४ जीबी जागा लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो. तेव्हा लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि मोकळ्या दरीत चित्र अडखळतं. सेटिंगमध्ये शॅडोची (सावल्यांची) पातळी उतरवा, लॅपटॉप गादीवर ठेवू नका. सेव्ह आपोआप होतो, हाताने करता येत नाही. लोडशेडिंगच्या वेळेत डेस्कटॉपवर बसणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

आता शेवट. गेम संपवला नसेल तर पुढचं वाचू नका.

कापलेली टेलिफोनची तार, कुंपणाआडचं संशोधन केंद्र, दोघांच्या संभाषणाच्या लिहून ठेवलेल्या नोंदी. गेम संशय एवढा फुगवतो की सरकारी कटाखाली काही चालेल असं वाटत नाही. निघतं काय, तर नेड गुडविन नावाचा एकटा बाप, मुलाचा मृत्यू लपवण्यासाठी रानात दडून बसलेला. माणूस म्हणून नेड पटतो, बिनसतं ते मांडणीत. त्याची कबुली कॅसेटवर ऐकायला मिळते, समोरासमोर काहीच घडत नाही. डेलायलाही हेन्री पोचायच्या आत हेलिकॉप्टरने निघून जाते. जी उत्तरं इतकी जपून निवडली, त्यांनी यातलं काही बदलत नाही. फक्त बोलण्याचा सूर बदलतो. पळून आलेल्या माणसांच्या गोष्टीत भेट न होणं रास्त आहे हे मान्य, पण मग तो कटाचा बडेजाव कशाला?

तरीही घ्यावा. चार-पाच तासांचा ऐवज आहे, त्यातले शेवटचे वीस मिनिटं फिके. हेन्रीला रानात सापडलेल्या स्वस्त कॅमेऱ्याने काढलेले फोटो श्रेयनामावलीत दिसतात. रोल मोजका असतो, हातात येताच सूर्यास्तावर उडवू नका.