साडेतीनशेचा रबरी पट्टा : ऑपरेशननंतर नऊ महिने वापरून

पाचपैकी चार तारे. कापलेला तारा रबराचा आहे, व्यायामाचा नाही.

कॅन्सरमुळे डावं स्तन काढलं, सोबत काखेतल्या लसिकागाठीही. दवाखान्यातून निघताना हातात झेरॉक्सचा एक कागद पडला, त्यावर हाताच्या व्यायामांची पुसट चित्रं. किती वेळा करायचे, कधीपासून, केमो सुरू झाल्यावर काय, अवाक्षर नाही. घरी सासूबाईंचा हुकूम, "त्या हातानं तांब्यासुद्धा उचलायचा नाही." मी तो इमानेइतबारे पाळला. सहा आठवड्यांत अशी गत झाली की फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला मुलाला हाक मारायची. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या बडोद्यात राहून!

शेवटी दांडिया बाजारातल्या नणंदेनं तिच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्टबाईंकडे नेलं. त्यांनी आधी माझ्या डॉक्टरांशी बोलून घेतलं, दोन्ही हातांचा घेर टेपनं मोजून लिहिला आणि हा चार रबरी पट्ट्यांचा सेट आणायला सांगितला. यात पिवळा सगळ्यांत हलका, मग लाल, हिरवा, निळा. चिठ्ठीवर गोळ्यांसारखं लिहून दिलं : पिवळा, दहा वेळा, सोमवारी आणि गुरुवारी. चालणं बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. खरं काम या चिठ्ठीनं केलं. नुसता पट्टा आणला असता तर खुंटीला लटकला असता.

काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते; व्यायामानं ती येईल ही भीती मलाही होतीच. बाईंनी सांगितलं, पूर्वी डॉक्टरही तेच सांगत. पण 2009 साली अमेरिकेतली 141 बायकांची चाचणी छापून आली, सगळ्यांच्या हाताला आधीच सूज असलेल्या. आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही, उलट ती उसळण्याचं प्रमाण कमी झालं. 2022 मध्ये तर तिथल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं उपचार चालू असतानाच व्यायाम सुचवावा असं डॉक्टरांना सांगितलं. माझ्या झेरॉक्सपर्यंत ते पोचलं नव्हतं, एवढंच.

केमो दर एकवीस दिवसांनी. पहिले चार-पाच दिवस पट्ट्याकडे बघवत नसे; तेव्हा ओसरीतून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या, त्याही मोजून. पांढऱ्या पेशी उतरायच्या त्या दिवसांत गर्दी नको म्हणून गच्चीवर. तिसऱ्या आठवड्यात कमाटीबाग. तिथल्या गुजराती बेन रोज विचारायच्या, "आजे केटला चक्कर?" त्यांच्या धाकानं एखादी फेरी जास्तच व्हायची. केमोचा थकवा झोपून जात नाही, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. बारा मिनिटं चालून आलं की संध्याकाळ बरी जायची. एकदा हिमोग्लोबिन फार उतरलं तेव्हा डॉक्टरांनी आठवडाभर सगळं बंद केलं, ते मुकाट्यानं ऐकलं.

आता लेट्रोझोल, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून द्यायची हार्मोन कमी करणारी गोळी, चालू आहे. सकाळी बोटं अशी आखडतात की गॅसचं लायटर दाबवत नाही. चालून आल्यावर सैल होतात, पूर्ण नाही. या गोळीनं हाडंही विरळ होऊ शकतात, म्हणून पट्टा सोडायचा नाही असं बजावलंय.

सूज ओळखायला माझी साधी युक्ती : डाव्या हातातली बांगडी. घट्ट वाटली की पट्टा बाजूला आणि बाईंना फोन. नऊ महिन्यांत दोनदा झालं, एकदा तर नुसता उकाडा निघाला. आजार हाडांत गेलेल्यांनी मात्र माझं बघून काही सुरू करू नये, आधी डॉक्टरांना विचारावं.

आता रबराबद्दल. एप्रिल-मेच्या बडोद्यात ते चिकट होतं, टाल्कम लावून ठेवावं लागतं. सहाव्या महिन्यात दाराच्या कडीला घासून पिवळा पट्टा तुटला आणि सटकन गालावर बसला. कडीला अडकवायचाच असेल तर मध्ये जुन्या साडीचा तुकडा गुंडाळा, आणि दर आठवड्याला उजेडात धरून चिरा बघा.

सुटा पिवळा आणि लाल मिळत असेल तर तेवढेच घ्या. माझा निळा अजून पाकिटातच आहे.